कोर्टाची तारीख, डिलिव्हरीची तारीख

2024 च्या फेब्रुवारीत एक बातमी दोन-तीन दिवस प्रत्येकाच्या फोनवर फिरत होती, आठवतेय? पश्चिम बंगालच्या तुरुंगांमध्ये महिला कैदी गरोदर राहतायत आणि 196 बाळं तुरुंगात वाढतायत, अशी ती बातमी. कोलकाता हायकोर्टाने मदतीसाठी नेमलेल्या वकिलांनी, म्हणजे अमायकस क्युरींनी, ही गोष्ट मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे मांडली होती. महिलांच्या विभागात पुरुष कर्मचाऱ्यांना प्रवेशच नको, असंही त्यांनी सुचवलं. मग काय, मीम्स, रील्स, कमेंट्स. सगळीकडे एकच प्रश्न: 'तुरुंगात गरोदर राहिल्याच कशा?'

सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच दिवशी याची दखल घेतली आणि ज्येष्ठ वकील गौरव अगरवाल यांना माहिती घ्यायला सांगितलं. त्यांनी जे समोर आणलं ते मात्र फारसं व्हायरल झालं नाही. बंगालच्या तुरुंगांमध्ये आधीच्या चार वर्षांत 62 बाळांचा जन्म झाला होता. त्यातल्या बहुतेक बायका तुरुंगात आणल्या तेव्हाच गरोदर होत्या. काही जणी पॅरोलवर घरी गेल्या आणि परतल्या तेव्हा गरोदर होत्या. झालं, सनसनाटी संपली आणि आपण पुढे स्क्रोल केलं.

कोठडीतल्या बायकांच्या सुरक्षेचा प्रश्न बिनमहत्त्वाचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. तो विचारायलाच हवा. पण दुसरा प्रश्न कुणीच विचारला नाही. त्या 62 बाळंतपणांचं काय झालं? कुठे झाली, कुणी केली, त्या बायकांना नऊ महिने काय खायला मिळालं, आणि मुळात पोटात बाळ असताना त्या आत का होत्या?

या शेवटच्या प्रश्नावरच मला बोलायचंय. कारण तुरुंगातल्या गरोदर बाईची चर्चा निघाली की ती लगेच दवाखान्यावर जाते. आत डॉक्टर आहे का, बेड आहे का, गोळ्या आहेत का. हे सगळं हवंच. पण जितकं वाचत गेले तितकं वाटत गेलं, की हा प्रश्न दवाखान्याच्या आधी कोर्टात सुटतो किंवा अडकतो.

आकडे बघा. एनसीआरबीच्या 2022 च्या तुरुंग अहवालानुसार देशात 5 लाख 73 हजार कैदी होते आणि त्यातल्या साधारण 76 टक्के लोकांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. म्हणजे ते कच्चे कैदी. महिला 23,772. मुलांसोबत तुरुंगात राहणाऱ्या आया 1,537 आणि त्यांची मुलं 1,764. आता या 1,537 मध्ये शिक्षा झालेल्या किती? फक्त 198. कच्च्या कैदी 1,312. शंभरातल्या 85 आया अशा, ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही. त्यातल्या काही उद्या निर्दोष सुटतील. तेव्हा मूल चालायला, बोलायला लागलेलं असेल.

म्हणून 'गुन्हा केलाय ना, मग भोगा' ही जी ठरलेली कमेंट असते, ती पहिल्याच पायरीला घसरते. गुन्हा केलाय की नाही, तेच ठरायचंय.

कायदा याबद्दल गप्प आहे असंही नाही. सुप्रीम कोर्टाने आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात 13 एप्रिल 2006 ला एक निकाल दिला. लॉच्या मुलांना माहीत असेल, बाकीच्यांनी एकदा वाचावा असा आहे. गरोदर बाईला तुरुंगात पाठवण्याआधीच तिथे बाळंतपणाची आणि त्याआधीच्या-नंतरच्या काळजीची किमान सोय आहे याची खात्री करा, असं त्यात म्हटलंय. आत आल्यावर जिल्हा सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी करून किती महिने झाले, तारीख कधीची, हे नोंदवा. शक्य तिथे तात्पुरती सुटका किंवा पॅरोल देऊन बाळंतपण बाहेर होऊ द्या. सुरक्षेला फार मोठा धोका असेल अशाच अपवादात्मक केसमध्ये नाही म्हणा. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, आणि त्याला कैद्यासारखं वागवायचं नाही. तुरुंगात महिला आणि मुलं असतील तर पाळणाघर आणि बालवाडी हवी. जन्माच्या दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून तुरुंग लिहायचा नाही, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा. परिस्थितीनुसार बारशाचीही सोय करा, असंसुद्धा त्यात आहे. सुप्रीम कोर्टाच्या निकालात बारसं! मला ते वाचून एकदम थांबायला झालं. कुणीतरी त्या बाळाचा खरोखर विचार केलेला दिसतो.

पण 2006 च्या त्या कागदापासून बराकीपर्यंत येताना खूप काही गळतं. तुरुंग हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याची नियमावली वेगळी, पैसा वेगळा. 2022 मध्ये देशभरातले तुरुंग सरासरी 131 टक्के भरलेले होते. फक्त महिलांसाठीचे तुरुंग मोजकेच. बहुतेक बायका पुरुषांच्या मोठ्या तुरुंगातल्या एका कोपऱ्यातल्या महिला विभागात असतात. ज्या आवाराची आखणीच पुरुषांसाठी झालीय, तिथे बाळाचे लंगोट वाळत घालायला जागा कुठे, इथून प्रश्न सुरू होतात.

आता गरोदर बाईला काय लागतं ते घरातल्या कुणालाही विचारा. नियमित तपासणी, सोनोग्राफी, बीपी-शुगर-हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं. चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) आपल्याकडच्या 52 टक्के गरोदर महिलांना अ‍ॅनिमिया आहे. ही सर्वसाधारण बायकांची स्थिती. तुरुंगात येणाऱ्या बहुतेक जणी गरीब घरातल्या असतात, म्हणजे त्या आधीच अशक्तपणा घेऊन आत येतात. बाहेर निदान आशाताई दार वाजवते, अंगणवाडीत नाव असतं, मळमळायला लागलं तर जाऊबाई लिंबू आणून देते. आत सकाळी ठरल्या वेळी चहा, ठरल्या वेळी जेवण, आणि संध्याकाळी बराक बंद. रात्री दोनला भूक लागली तर लागली. गरोदर बाईला लागते हो रात्री दोनला भूक.

आणि हॉस्पिटलला जायचं तर? कैद्याला बाहेर न्यायला पोलिस लागतात, बाईसाठी महिला पोलिस. ही पोलिस पार्टी जिल्ह्याच्या मुख्यालयातून येते. गणपती, निवडणूक, मोर्चा, व्हीआयपी दौरा असेल तर बंदोबस्त आधी, पार्टी नंतर. 'एस्कॉर्ट उपलब्ध नाही' या तीन शब्दांत सोनोग्राफी पुढे जाते. बाळ झाल्यावरही तेच. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. तुरुंगात लसीकरणाला परिचारिका आली तर ठीक, नाही तर परत गाडी, परत पार्टी. बाळ कैदी नाही, पण त्याची आई कैदी आहे ना.

मी इथे कुठल्या एका तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. चांगली अधीक्षक असली की खूप फरक पडतो, हे तुरुंगात काम करणारे लोक सांगतात. पण एखादी बाई चांगली निघण्यावर दुसरीचं बाळंतपण अवलंबून असावं का?

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण श्रीमंत देशातलं आहे. ब्रिटनच्या ब्रॉन्झफील्ड तुरुंगात सप्टेंबर 2019 मध्ये 18 वर्षांची एक मुलगी रात्री एकटी तिच्या कोठडीत बाळंत झाली. तीसुद्धा कच्ची कैदी. तिने मदतीसाठी दोनदा बेल दाबली होती. कुणी आलं नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा बाळ गेलेलं होतं. तिथल्या तुरुंग लोकपालांनी 2021 च्या अहवालात एक महत्त्वाची गोष्ट मांडली: तुरुंगातलं प्रत्येक गरोदरपण 'जोखमीचं' समजा. कारण मेडिकल असायलाच हवं असं नाही. ती बाई बराच वेळ बंद दाराआड असते आणि ते दार तिला आतून उघडता येत नाही, एवढं कारण पुरे. 1 एप्रिल 2024 पासून इंग्लंड-वेल्समध्ये शिक्षा ठरवताना गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचा काळ विचारात घ्यायचा, असं मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्वतंत्रपणे आलंय.

आपल्याकडे त्या दाराच्या अलीकडे एक माणूस बसलेला असतो: मॅजिस्ट्रेट. अटकेनंतर 24 तासांत बाईला त्यांच्यापुढे उभं करावं लागतं. महिला, आजारी किंवा अशक्त व्यक्तीला गंभीर गुन्ह्यातही जामीन देता येईल, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 437 मध्ये होती आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्येही आहे. पण शब्द आहे 'देता येईल'. 'द्यावाच' नाही. गंमत अशी, की फाशीच्या बाबतीत हाच कायदा एकदम ठाम आहे. फाशीची शिक्षा झालेली बाई गरोदर असेल तर हायकोर्टाला ती शिक्षा जन्मठेपेत बदलावीच लागते. म्हणजे दोषी ठरलेल्या गरोदर बाईचा जीव घ्यायचा नाही यावर कायद्याला शंका नाही, आणि जिच्यावर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही तिला बाळंतपणाला घरी पाठवायचं की नाही हे मात्र प्रत्येक कोर्टाच्या मर्जीवर.

त्यातही विशेष कायदे आले की गाडी आणखी अडते. मनी लाँडरिंगच्या कायद्यात जामिनाच्या कडक अटींना महिलांचा अपवाद लिहिलेला आहे. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात आणि यूएपीएमध्ये तो नाही. कोट्यवधींच्या घोटाळ्यातल्या आरोपी महिलेसाठी खिडकी आहे, गांजाची बॅग घेऊन रेल्वेत पकडलेल्या बाईसाठी नाही. हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं कोण जाणे.

सफूरा झरगर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जामिया मिलियाची एम.फिल.ची विद्यार्थिनी. दिल्ली दंगलींच्या कटाच्या केसमध्ये 10 एप्रिल 2020 ला अटक, पुढे यूएपीए. ती तेव्हा गरोदर होती आणि बाहेर कोविडचा लॉकडाउन. 4 जूनला खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. हायकोर्टात सरकारी बाजूने काय सांगितलं, तर गेल्या दहा वर्षांत तिहारमध्ये 39 बाळंतपणं झाली आहेत, तेव्हा गरोदरपण हा काही अपवाद होऊ शकत नाही आणि तिची नीट काळजी घेतली जातेय. दुसऱ्याच दिवशी, 23 जूनला, सरकारने मानवतेच्या मुद्द्यावर हरकत मागे घेतली आणि जामीन मिळाला. तेव्हा तिला 23 आठवडे झाले होते.

केसबद्दल तुमचं मत काहीही असो, या दोन गोष्टींकडे बघा. एक, '39 झाली' हा आकडा तुरुंगाची पात्रता म्हणून सांगितला गेला. 39 वेळा बाहेर पाठवता आलं नाही, असाही तो वाचता येतो. दुसरं, तो जामीन आदेश पुढच्या केसेससाठी दाखला मानू नये, असं त्यातच नमूद होतं. दया एका बाईपुरती दाखवायची आणि मागे दार ओढून घ्यायचं. मग पुढची बाई परत पहिल्या पायरीवर.

पुढचं उदाहरण आपल्या नागपूरचं. एप्रिल 2024 मध्ये गोंदियाजवळ रेल्वेत धाड पडली, 33 किलो गांजा सापडला. पकडलेल्यांमध्ये एक बाई होती, दोन महिन्यांची गरोदर. 20 किलोच्या वर गांजा म्हणजे 'व्यावसायिक प्रमाण', म्हणजे एनडीपीएसचं ते कडक कलम लागू. सरकारी पक्षाने विरोध केला, तुरुंगात काळजी घेऊ म्हणाले. 27 नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती ऊर्मिला जोशी-फलके यांनी तिला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगात असताना सरकारी हॉस्पिटलमध्ये बाळंतपण होऊ शकतं हे त्यांनी मान्य केलं. पण तुरुंगाच्या वातावरणात मूल जन्माला येण्याचा परिणाम आईवर आणि बाळावरही होतो, कैद्यालाही सन्मानाचा हक्क आहे, असं त्या म्हणाल्या. 2006 च्या निकालाचा आधारही घेतला.

निकाल चांगलाच आहे. पण तारखा मोजा. अटक एप्रिलअखेर, आदेश नोव्हेंबरअखेर. सात महिने. गरोदरपणाचे जे महिने तपासणी आणि आहारासाठी सगळ्यात महत्त्वाचे, ते बहुतेक सगळे आत गेले. कोर्टाची तारीख पुढे जाऊ शकते, वकील गैरहजर असतो, रिपोर्ट आलेला नसतो, बोर्डावर केस येत नाही. डिलिव्हरीची तारीख पुढे जात नाही.

'अशी सूट दिली तर गँगवाले गरोदर बायकांनाच माल पोचवायला लावतील' हा आक्षेप फालतू नाही, कोर्टातही असे मुद्दे येतात. त्यावर ब्राझीलचा अनुभव बघण्यासारखा आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 मध्ये एकाच आदेशाने खटला चालू असलेल्या सगळ्या गरोदर महिलांना आणि 12 वर्षांखालच्या मुलांच्या आयांना तुरुंगाऐवजी नजरकैद द्यायला सांगितलं. हिंसक गुन्हे, किंवा स्वतःच्या मुलांविरुद्धचे गुन्हे वगळून. म्हणजे नियम घरचा, अपवाद तुरुंगाचा. आपल्याकडे हे उलटं आहे. आणि धोका वाटला तर पासपोर्ट जमा करा, आठवड्याला पोलिस ठाण्यात हजेरी लावा. हत्यारं आहेत कोर्टाकडे.

बरं, जामीन मिळाला म्हणजे सुटली असंही नाही. जामीनदार कोण राहणार? माहेर-सासर दोघांनी हात झटकले असतील तर? 2023 पासून केंद्राची एक योजना आहे, गरीब कच्च्या कैद्यांना जामिनासाठी मदत मिळते. फक्त तिच्यातून एनडीपीएस, यूएपीए वगैरे कायद्यांखालच्या आरोपींना वगळलंय. म्हणजे नागपूरच्या केससारखी बाई इथेही बाहेरच.

कॉलेजातल्या मुलांनी यात काय करायचं, असं विचाराल तर एक गोष्ट खरंच करण्यासारखी आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कुठल्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. बऱ्याच लॉ कॉलेजांमध्ये लीगल एड क्लिनिक असतं, आणि विद्यार्थ्यांना जिल्हा प्राधिकरणामार्फत तुरुंगात जाऊन माहिती देण्याचं काम करता येतं. तिथे एकच तक्ता करायचा: आत कोण गरोदर आहे, कितवा महिना, केस कुठल्या कोर्टात, पुढची तारीख कधी. डिलिव्हरीची तारीख आणि कोर्टाची तारीख शेजारी-शेजारी लिहिली की अर्ज कुणाचा आधी करायचा ते आपोआप दिसतं. मास कॉमवाल्यांनी निदान पुढच्या वेळी अशी बातमी आली तर 'कशा?' ऐवजी 'आत का?' विचारायचं.

नागपूरच्या आदेशातल्या सहा महिन्यांबद्दल एक राहिलं. डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, बाकी काही नाही. ते सहा महिने त्या आदेशाने बऱ्यापैकी वाचवले. पण त्यानंतर उष्टावण. नाचणीची पेज, मऊ भात, वरणाचं पाणी, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, ताजं. तात्पुरता जामीन नेमका तिथेच संपतो. पुढचा अर्ज करायचा तो त्याच्या आधी, आणि त्यासाठी पुन्हा कोर्टाची तारीख घ्यावी लागते.